लिव्हर काय म्हणतोय ते बोटांनी ऐक

पोरा, पुढच्या डिस्क ब्रेकची हवा यंदा घरीच काढणार म्हणालास, बरं वाटलं. पाना चालवायला तू शिकशीलच. पण खरं काम बोटांचं आहे, म्हणून हे चार शब्द.

१. हात घालण्याआधी लिव्हर तीन-चारदा दाबून कसा लागतो ते लक्षात ठेव — आधीचं ठाऊक नसेल तर नंतर सुधारलं की बिघडलं, ते कशावरून ठरवणार?

२. हँडलवरच्या ब्रेक ऑइलच्या डबीच्या झाकणावर डॉट ३ की डॉट ४ ते वाच आणि त्याच ऑइलची सीलबंद बाटली आण — माळ्यावरची अर्धी उघडी बाटली हवेतलं पाणी ओढून बसलेली असते. नवं डॉट ४ किमान २३० अंश सेल्सिअस सोसतं, पाणी धरलं की हमी १५५ ची उरते. वरंध घाट उतरताना ते उकळलं तर ब्रेकच जातो.

३. पेट्रोलच्या टाकीवर ओलं फडकं टाक, पाण्याची बादली जवळ ठेव — हे ऑइल रंग खातं. थेंब सांडला तर लगेच पाणी ओत.

४. लिव्हर दाबून धर, कॅलिपरवरचं हवा काढायचं निपल पाव फेरा सोड, लिव्हर मुठीपर्यंत गेला की निपल बंद कर आणि मगच लिव्हर सोड — क्रम उलटला तर बाहेरची हवा तिथूनच आत शिरते. पाना आधी आवळावा, लिव्हर मग सोडावा.

५. दर चार-पाच दाबांनी डबीत डोकाव — डबी आटली की हवा आत शिरते आणि दुपार वाया जाते. एबीएसच्या गाडीत हवा मॉड्यूलमध्ये गेली, तर काही मॉडेलना सर्व्हिस सेंटरचं यंत्रच लागतं.

६. आता मुख्य गोष्ट. लिव्हर मऊ लागतो आणि भराभर दाबल्यावर घट्ट होत जातो, तर बहुतेक आत हवा आहे — हवा दबते, ऑइल दबत नाही. कॅलिपरचे पिस्टन मागे ढकलले असतील तर पहिले काही दाब पोकळ जाणारच, तेवढ्याने घाबरू नकोस.

७. लिव्हर घट्ट होतो, पण मिनिटभर धरून ठेवल्यावर हळूहळू मुठीकडे सरकत जातो? हे दुखणं हवेचं नाही — मास्टर सिलिंडरचं सील गेलंय किंवा कुठेतरी गळतंय. तिथे दिवसभर हवा काढूनही काही होणार नाही, मेकॅनिककडे ने.

८. दुखणं हवेचंच असेल, तर लिव्हरजवळची डबी सगळ्यात उंच येईल असं हँडल वळव, झाकण नुसतं वर ठेव आणि लिव्हर जेमतेम अर्धा सेंटिमीटर दाब-सोड कर — अडून बसलेले बुडबुडे डबीत वर येतात.

९. तरी मऊच राहिला, तर जुन्या ट्यूबच्या पट्टीने लिव्हर रात्रभर मुठीला बांध — बऱ्याचदा सकाळी घट्ट लागतो.

१०. निपल आवळताना जोर आवर — ते आतून पोकळ असतं, मोडलं तर काम वाढतं.

११. गाडी हलवण्याआधी लिव्हर घट्ट होईपर्यंत दाब, मग ढकलत नेऊन थांबते का बघ. पहिली फेरी गल्लीतच, चालण्याच्या वेगाने मार. बोटांना जरा जरी शंका आली तर गाडी तिथेच लाव आणि मला फोन कर, कितीही वाजलेले असोत.