धूपछाव लुगड्याची गोधडी : कापण्याआधी धाग्याची दिशा पाहा



गाळप हंगाम संपला, खोडवा फुटू लागला, की घराघरांतून जुन्या लुगड्यांची गाठोडी उन्हात पडतात. खोडव्याच्या नोंदी घेत गटागटांतून फिरताना ओसरीवर गोधडी शिवणाऱ्या माउल्या आम्हाला दिसतात. उसाच्या माणसाने गोधडीवर लिहावे याचे काहींना हसू येईल. पण आमच्या हातून झालेली एक चूक दुसऱ्याच्या घरी होऊ नये, म्हणून हा लेख.

आई गेल्यावर तिचे एकच चांगले लुगडे मागे राहिले. सुती, धूपछाव. चालताना कधी तांबूस दिसे, कधी निळसर. भावंडांत ते वाटता येईना, म्हणून त्याची गोधडी करायचे ठरले. रात्री दिव्याखाली घाईने तुकडे कापले, हाताला येतील तसे जोडले. सकाळी अंगणात पसरून पाहतो तर मधेच तांबूस, मधेच निळसर डाग पडल्यासारखे! जणू दोन वेगळ्या लुगड्यांची ठिगळं. सगळी शिवण उसवावी लागली.

असे का होते?

धूपछाव कापडात ताणा, म्हणजे उभा धागा, एका रंगाचा असतो आणि बाणा, म्हणजे आडवा धागा, दुसऱ्या रंगाचा. आमच्या लुगड्यात ताणा तांबडा, बाणा निळा. उजेड कोणत्या बाजूने पडतो आणि आपण कुठून पाहतो, त्यावर कोणता धागा जास्त उठून दिसेल हे ठरते. त्यामुळे तुकडा पाव फेरा फिरवला, की रंग पालटतो. अर्धा फेरा फिरवला तर दिशा तीच राहते, फरक पडत नाही. साध्या विणीत उलट-सुलट बाजूही सारखीच.

म्हणजे जो दोष वाटला तोच या कापडाचा गुण आहे. दिशा सांभाळली तर एकाच लुगड्यातून दोन रंगांची नक्षी निघते. वेगळे कापड आणायला नको.

कापणी

1. लुगडे धुऊन वाळवा. नवे हातमागाचे कापड असेल तरी आधी धुवा, सुती कापड आटते. ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहा. रंग उतरत असेल तर पांढऱ्या कापडाशेजारी लावू नका.

2. उजेडासमोर धरून विरलेला भाग वेगळा काढा. तो आतल्या थरात चालतो. काठ उसवून जपून ठेवा.

3. साडेचार फूट रुंद, साडेसहा फूट लांब गोधडीला सहा इंची चौकोन रुंदीत 9 व लांबीत 13, असे 117 लागतात. शिवणीसाठी चारही बाजूंना अर्धा इंच सोडून तुकडा सात इंची कापावा. या कापडाच्या दशा लवकर सुटतात, म्हणून शिवण याहून कमी धरू नये.

4. कापण्याआधीच प्रत्येक तुकड्यावर खडूने उभ्या धाग्याची रेघ मारा. विसरलात तर कडेच्या दशा पाहा. आमच्या कापडात निळ्या दशा डाव्या-उजव्या कडेला आल्या, की तांबडा ताणा उभा आहे असे समजायचे. उसवलेले तुकडे आम्ही असेच लावले.

जोडणी

एक तुकडा उभा, शेजारचा आडवा, बुद्धिबळाच्या पटासारखे मांडा. 59 एका दिशेचे, 58 दुसऱ्या दिशेचे होतील. शिवण्याआधी सगळी मांडणी दिवसाउजेडी अंगणात करून चारही बाजूंनी फिरून पाहा. सरी पाडल्यावर वाकडी दिसली तर हंगामभर वाकडीच राहते, तसेच हे.

भरणी आणि टाके

खाली अस्तराचे लुगडे ताठ पसरा. एका लुगड्याचा पन्हा पुरत नाही, तेव्हा मधे जोड द्या. त्यावर जुन्या सुती कापडाचे दोन-तीन थर आणि वर चौकोनांचा पृष्ठभाग. मधून कडेकडे हात फिरवून सुरकुत्या काढा आणि मोठ्या कच्च्या टाक्यांनी सगळे थर टाचून घ्या.

मग कडेपासून धावदोरा घालत, फेऱ्यावर फेरा घेत मध्यापर्यंत या. दोन फेऱ्यांत बोटभर अंतर पुरे. टाका अस्तरापर्यंत पोचला का, ते मधून मधून उलटून बघा. दोऱ्याचा रंग ताणा-बाण्यांपैकी एक घेतला तर एका चौकोनात टाका लपतो, शेजारच्यात उठून दिसतो. तेही शोभतं.

शेवट

चारही कडा कापून सारख्या करा. जपून ठेवलेला काठ दुमडून कडेवर बसवा, दोन्ही बाजू धरून शिवा. कोपऱ्यावर काठ ताणू नका, चुणी घालून वळवा. शेवटी कच्चे टाके काढा. धुताना पिळू नका, सावलीत वाळवा. कडक उन्हात रंग विटतो आणि धूपछाव जाते.

आमची गोधडी आता दर हिवाळ्यात एकेका भावंडाच्या घरी जाते. उसाला रात्रीचे पाणी धरून आल्यावर तीच अंगावर घेतली जाते. आईला हे पटलं असतं.

आपल्या घरी असे लुगडे असेल तर कात्री नंतर घ्या. आधी ते उजेडात धरा, फिरवून पाहा, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवा. टाका कसा धरायचा हे लेख वाचून नव्हे, त्यांच्या हाताकडे पाहूनच कळते.

— ऊस विकास अधिकारी