पाखरे पाहायला कोठे जावे?

हल्ली पुण्या-मुंबईचे पुष्कळ लोक पक्षी पाहायला आफ्रिकेत जातात. विमानाचे तिकीट, राहणे, जेवण, गाडी, वाटाड्या, सगळे मिळून खर्च लाखांच्या घरात जातो. हे ऐकून तुमच्यापैकी कोणी हसेल. म्हणेल, "गुरुजी, पाखरं ती काय बघायची? ती तर खळ्यावर रोज येतात." खरे आहे. पण हे लोक तिथे जाऊन काय पाहतात ते आधी समजून घेऊ. मग आपल्या खळ्याकडे येऊ.

आफ्रिका हा एक देश नव्हे. ते मोठे खंड आहे. त्यात पन्नासाहून अधिक देश आहेत. त्यातला एक केनिया. अरबी समुद्र ओलांडून नैऋत्येकडे गेले की तो लागतो. तिथे दूरवर पसरलेले गवताचे माळ आहेत. त्या माळावर शहामृग धावते. ते माणसाहून उंच असते, पण त्याला उडता येत नाही. माळ सोडून पुढे गेले की नाकुरू नावाचे खाऱ्या पाण्याचे तळे आहे. त्याच्या काठी गुलाबी रंगाचे रोहित पक्षी उतरतात. आणखी पुढे काकामेगाचे दाट जंगल आहे. उत्तरेला कोरडा, काटेरी मुलूख आहे. प्रत्येक ठिकाणची पाखरे निराळी. माळावरचा पक्षी जंगलात सापडत नाही, जंगलातला तळ्यावर येत नाही. म्हणून हे प्रवासी आठ-दहा दिवसांत चार तऱ्हेची ठिकाणे पालथी घालतात. केनियात पक्ष्यांच्या एक हजाराहून अधिक जाती आहेत.

आता आपल्या देशाचा हिशेब ऐका. भारतात तेराशेहून अधिक जाती आहेत!

आणि चार तऱ्हेची ठिकाणे म्हणाल, तर ती जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतच आहेत. पश्चिमेला नाणेघाटात पाऊस कोसळतो. तिथून पूर्वेला यावे तसा पाऊस कमी होत जातो. आणे पठारावर तर पावसाची वाट पाहून डोळे शिणतात. मधे धरणांचे पाणी, उसाचे मळे, द्राक्षांच्या बागा. एस.टी.ने एका दिवसात हा सगळा मुलूख पार करता येतो. मुलूख बदलला की पाखरू बदलते.

आपल्या येडगावच्या पाण्यापासून सुरुवात करू. कुकडी नदी कुकडेश्वराजवळ उगम पावते, माणिकडोहच्या धरणात थांबते आणि मग आपल्याकडे येते. दिवाळीनंतर धरणाच्या काठी सकाळी उभे राहा. सूर्य पाठीशी घ्या, म्हणजे पाखराचे रंग नीट दिसतात. काळ्या अंगाचा, कपाळावर पांढरा टिळा असलेला पक्षी पाण्यावर थव्याने तरंगताना दिसेल. त्याचे नाव वारकरी. टिळा पाहिला की नाव विसरणे नाही. दुसरे एक बदक आहे. त्याच्या चोचीचे टोक पिवळे आणि मुळाशी लाल ठिपका. त्याला आपले लोक हळदी-कुंकू म्हणतात. ज्याने ही नावे ठेवली त्याला लिहिता-वाचता येत होते की नाही कोण जाणे, पण त्याची नजर पक्की होती. लांब गुलाबी पायांवर चिखलात फिरतो तो शेकाट्या. खडकावर पंख पसरून वाळवीत बसतो तो पाणकावळा. शेपूट सारखी वरखाली हलवतो तो धोबी. भगव्या रंगाचा चक्रवाक हिवाळ्यात हिमालयापलीकडून, लडाख-तिबेटच्या बाजूने येतो.

उन्हाळ्याकडे पाणी ओसरते. काठाचा चिखल उघडा पडतो. काही जण तिथे गाळपेर करतात. त्याच चिखलात किडे, शंख-शिंपले असतात. ते खायला पक्षी येतात. म्हणजे धरण भरलेले असताना एक तऱ्हेचे पक्षी, ओसरले की दुसऱ्या तऱ्हेचे.

येथे एक सावधगिरी सांगतो. आपल्याकडे उसात बिबट्या राहतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. पाखरू पाहायच्या नादात भल्या पहाटे उसाच्या कडेने एकट्याने जाऊ नये. चांगले उजाडू द्यावे. दोघे-तिघे मिळून मोकळ्या काठाने जावे. लहान मुलांना एकटे पुढे सोडू नये.

आता पूर्वेला आणे पठाराकडे चला. इथे झाडी थोडी, गवत आणि दगड फार. शहरातले लोक अशा जागेला पडीक म्हणतात. पडीक कसली! चंडोल तिथे जमिनीवरच घरटे करतो आणि गात गात आभाळात चढतो. तित्तर आहे, पखुर्डी आहे. हिवाळ्यात भोवत्या नावाचा शिकारी पक्षी गवतावरून अगदी खालून घिरट्या घालतो. तो उंदीर आणि नाकतोडे टिपतो. हा भोवत्या दूर उत्तरेच्या गवताळ देशांत जन्मतो. थंडी पडली की त्याचे काही भाऊबंद आफ्रिकेच्या माळावर जातात आणि काही आपल्या माळावर येतात. केनियाला गेलेला प्रवासी जो पक्षी पाहतो, तोच आपल्या शेळ्या चारणाऱ्या पोराला फुकट दिसतो. मात्र त्या पोराला त्याचे नाव कोणी सांगितलेले नसते.

पश्चिमेला भीमाशंकरचे जंगल. ते 1985 साली अभयारण्य झाले. शेकरू पाहायला तिथे सगळेच जातात. पण पावसाच्या दिवसांत तिथे शीळकरी कस्तुर ऐकावा. एखादा गुराखी रमतगमत शीळ घालीत चालला आहे, असेच वाटते. वड-उंबराला फळे धरली की हिरवी कबुतरे, म्हणजे हरियल, त्यावर उतरतात. हा आपल्या राज्याचा पक्षी. पानांत तो असा मिसळतो की झाडाखाली उभे राहूनही दिसत नाही. फळ खाली पडते तेव्हा कळते.

सह्याद्रीच्या कड्यांवर पूर्वी गिधाडे पुष्कळ होती. म्हाताऱ्या माणसांना विचारा. मेलेले ढोर गावाबाहेर टाकले की काही वेळातच थवा उतरायचा आणि हाडे तेवढी उरायची. मग सन 1990 नंतर गिधाडे नाहीशी होऊ लागली. आधी कारण कळेना. 2004 साली शोध लागला. जनावरांना दुखण्यावर डायक्लोफिनॅक नावाचे औषध देत. ते टोचलेले जनावर मेले आणि गिधाडाने खाल्ले, तर गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होई. जनावरांसाठी हे औषध सरकारने 2006 साली बंद केले. अ‍ॅसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेन ही तशीच दोन औषधे 2023 साली बंद झाली. मेलोक्सिकॅम हे औषध गिधाडाला बाधत नाही. तेव्हा बैल-गाय आजारी पडली तर डॉक्टरांना विचारा, "साहेब, हे औषध कोणतं?" बाटलीवरचे नाव स्वतः वाचा. आता वाचता येते ना? गिधाडे गेल्यावर उघड्यावरच्या मेल्या ढोरावर भटकी कुत्री पोसली जातात. कुत्री वाढली म्हणजे पिसाळलेले कुत्रे चावण्याची भीती वाढली. हे नुकसान गावाचेच.

आफ्रिकेला आपण गेलो नाही, तरी आफ्रिकेची पाखरे आपल्याकडे येतात. चातक तुम्हाला ठाऊक आहे. काळा-पांढरा, डोक्यावर तुरा. तो फक्त पावसाचे थेंब पितो, अशी गोष्ट सांगतात. ती गोष्टच. खरी हकीकत त्याहून नवलाची आहे. पावसाचे वारे समुद्रावरून आपल्याकडे वाहू लागतात, त्याच सुमारास चातक आफ्रिकेतून समुद्र ओलांडून येतो. त्याची हाक आली की पाऊस जवळ आला, हे आपल्या वाडवडिलांचे बोलणे म्हणूनच खरे ठरते. तो अंडी घालतो सातभाईच्या घरट्यात, आणि पोरे वाढवायचे काम बिचाऱ्या सातभाईवर पडते.

दुसरा अमूर ससाणा. हा कबुतराएवढा शिकारी पक्षी. वजन पाव किलोहून कमी. सैबेरिया आणि उत्तर चीनमध्ये जन्मतो. थंडीच्या सुरुवातीला आपल्या देशाच्या ईशान्येला नागालँडमध्ये उतरतो, पोटभर किडे खातो आणि निघतो. सारा देश ओलांडून, अरबी समुद्रावरून न थांबता आफ्रिकेला पोचतो. नोव्हेंबर-डिसेंबरात लोणावळ्याच्या बाजूला तो दिसतो. जाऊन-येऊन त्याचा प्रवास वीस हजार किलोमीटरहून अधिक होतो.

नागालँडमध्ये दोयांग नदीवर धरण आहे. काठी पांगती नावाचे गाव आहे. आपल्यासारखेच धरणकाठचे गाव. तिथले लोक मासे धरायच्या जाळ्यांत हे ससाणे पकडून विकत. 2012 सालच्या एका हंगामात लाखाच्या वर ससाणे मारले गेले. देशभर गवगवा झाला. गावकऱ्यांची समजूत घालायला पुष्कळ जण गेले. गरीब माणसाचे उत्पन्न बुडत होते, म्हणून हे सोपे नव्हते. पण गावाने बैठक घेऊन ठराव केला. 2013 साली तिथे एकही ससाणा मारला गेला नाही. त्या वर्षी तीन पक्ष्यांच्या पाठीवर लहानसे यंत्र बसवून त्यांना सोडले. नावे ठेवली नागा, वोखा आणि पांगती. पांगती आफ्रिकेला जाऊन परत आली! आता लोक ससाणे पाहायला त्या गावी जातात.

एवढे लांब जायला नको. आपली कुकडी घोडनदीला मिळते, घोड भीमेला, आणि भीमेवर पुढे उजनीचे धरण आहे. म्हणजे आपल्याच नदीचे पाणी. त्या पाण्याच्या काठी भिगवण आणि कुंभारगाव ही गावे आहेत. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत तिथे रोहित पक्षी उतरतात. तिथले मच्छीमार पाहुण्यांना नावेत बसवून पक्षी दाखवतात. पक्ष्याचे नाव, तो कोठून आला, काय खातो, हे त्यांना तोंडपाठ असते. त्याचे पैसे मिळतात. माशांच्या जोडीला हा दुसरा धंदा झाला.

कोणी म्हणेल, "पण ज्वारीवर भोरड्यांचे थवे पडतात, त्यांचं काय?" जरूर हाकला. गोफण आहे, माळा आहे. पीक तुमचे आहे. पण धान्याला विष लावून टाकू नका. त्या विषाने भोरडी मरेल, तशी उंदीर खाणारे गव्हाणी घुबडही मरेल. शिवाय रानपाखरे मारणे 1972 च्या कायद्याने गुन्हा आहे.

दरवर्षी 5 ते 12 नोव्हेंबर हा आपल्या राज्यात पक्षी सप्ताह असतो. 5 तारखेला सोलापूरचे मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस, 12 तारखेला डॉ. सालिम अली यांचा. चितमपल्लींनी वनखात्याची नोकरी करता करता रानातल्या माणसांकडून पक्ष्यांची नावे गोळा केली. त्यांचे निधन 2025 साली झाले.

अभ्यास

1. या आठवड्यात एका सकाळी धरणाच्या काठी किंवा माळावर जा. दिसलेल्या पाखरांची नावे वहीत लिहा. तारीख, जागा आणि किती दिसली, हेही लिहा. नाव ठाऊक नसेल तर रंग, चोच आणि पाय कसे ते लिहा.

2. तुमच्या घरी एखाद्या पाखराला निराळे नाव आहे का? आजीला विचारून लिहा.

3. पूर्वी गिधाडे कोठे बसत, ती शेवटची कधी दिसली, हे गावातल्या तीन म्हाताऱ्या माणसांना विचारा. त्यांचे म्हणणे वर्गात वाचून दाखवा.

4. गोठ्यात ठेवलेल्या औषधाच्या बाटलीवरचे नाव वाचा आणि फळ्यावर लिहा.