अंधुक सोनोग्राफी आणि एक करडा ठिपका

आधीच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर संपादकांनी सांभाळून घ्यावं.

दिवाळीच्या सुट्टीत आईच्या पोटात दुखलं म्हणून सोनोग्राफी केली. किडनीत एक खडा निघाला. प्रिंट बघितली तर नुसता राखाडी धुरळा! ऑप्टिक्स लॅबमध्ये ही स्पष्ट करता येईल का, असं डोक्यात आलं आणि तोच माझा मिनी-प्रोजेक्ट झाला.

पोटासाठी साधारण ३.५ मेगाहर्ट्झचा ध्वनी वापरतात. शरीरात त्याचा वेग सेकंदाला सुमारे १५४० मीटर, म्हणजे तरंगलांबी ०.४४ मिलिमीटर. त्याहून बारीक काही नीट दिसणं कठीणच. शिवाय झोताला रुंदी असते, त्यामुळे एक बिंदू आडवा फराटा होऊन उमटतो.

प्रिंट लहान करून ओएचपी शीटवर काढली आणि २० सेंमी फोकल लेंग्थच्या भिंगापासून २० सेंमीवर ठेवली. मागून हीलियम-निऑन लेझरचा समांतर झोत. भिंगाच्या पलीकडे २० सेंमीवर कागद धरला तर चित्र नाहीच, एक लखलखीत ठिपका आणि भोवती पसरलेला प्रकाश. हा फूरिए प्लेन. एम-थ्रीला रडत पाठ केलेला ट्रान्सफॉर्म इथे चक्क कागदावर पडलेला असतो! मधोमध चित्रातले ढोबळ भाग, कडेला बारीक तपशील. पुढे दुसरं भिंग ठेवलं की चित्र परत जुळतं, फक्त उलटं. (कडेला रांगेत ठिपके दिसले तेव्हा आम्ही नाचलोच. ते प्रिंटरचे निघाले. झाकून टाकले.)

मधला ठिपका पूर्ण झाकला तर कडा उरतात, बाकी अंधार. पॅरिसमध्ये मारेशाल आणि क्रोस यांनी १९५३ मध्ये तो पूर्ण न अडवता नुसता मंद केला आणि अंधुक फोटोतले तपशील उठून आले. आम्ही जुन्या एक्स-रे फिल्मचा करडा तुकडा टाचणीच्या डोक्याएवढा कापून काचपट्टीवर चिकटवला.

खड्याची कड एकदम धारदार! पण शेजारी आणखी दोन खडे. माझ्या पोटात गोळाच आला. त्याच रात्री आईचा फोन, "अगं, एकच आहे ना?" मी मेसच्या भाजीचा विषय काढला.

दुसऱ्या दिवशी सरांनी विचारलं, "यांची सावली कुठाय?" खडा ध्वनी अडवतो, म्हणून त्याच्यामागे काळा पट्टा पडतो. तो एकाच्याच मागे होता. अर्थात फार लहान खड्यांचा पडतोच असं नाही. मग सरांनी स्पेकल समजावला. शरीरातल्या असंख्य सूक्ष्म भागांवरून परतलेले तरंग एकमेकांत मिसळून जे दाणे उमटतात तो स्पेकल. तेही बारीक, म्हणून आमच्या ठिपक्याने त्यांनाही खड्याइतकंच वर काढलं. त्याला काय कळतंय! तपासताना डॉक्टर प्रोब कलता करतात, तेव्हा दाण्यांची नक्षी बदलते, खडा जागेवर राहतो. एकाच प्रिंटवरून हे ओळखणार कसं? आणि जो तपशील ध्वनीने टिपलाच नाही, तो कुठल्याच फिल्टरने परत येत नाही.

डॉक्टरांनी प्रोब फिरवून बघितलं होतं आणि रिपोर्टमध्ये एकच खडा लिहिला होता. आईला तेच सांगितलं. धारदार फोटो सरांनी जर्नलमध्ये लावू दिला, पण खाली 'निदानासाठी नाही' असं माझ्याच हाताने लिहायला लावलं.