गोष्ट उभी कशी राहते?

‘मुद्द्यांवरून गोष्ट लिहा’ हा प्रश्न आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. तहानलेला कावळा, मडके, तळाशी पाणी, खडे. आपण काय करतो, तर मुद्द्यांच्या मध्ये ‘नंतर’ आणि ‘मग’ घालतो, वर शीर्षक देतो, खाली तात्पर्य लिहितो. गुणही मिळतात. पण तीच गोष्ट घरी धाकट्या भावाला वाचून दाखवली, तर तो अर्ध्यातच उठून खेळायला पळतो. असे का होते, ते या सत्रात आम्ही सातवीच्या वर्गात शिकलो.

गोष्टीला पात्रे लागतात, स्थळ आणि काळ लागतो, प्रसंग, संवाद आणि शेवट लागतो. ही नावे पाठ करायला पाच मिनिटे पुरतात. पण त्यांतले कोण काय काम करते? त्यासाठी गुरुजींनी एक युक्ती सांगितली. गोष्टीतली एकेक बाब काढून बघायची, आणि गोष्ट उभी राहते की कोसळते ते पाहायचे.

म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट घ्या. ती कोणाला येत नाही? म्हातारी लेकीकडे निघते. रानात वाघ भेटतो, लांडगा भेटतो. ती म्हणते, आत्ता मी वाळलेली आहे, परत येताना गुबगुबीत होऊन येईन, तेव्हा खा. लेकीकडे खाऊनपिऊन ती भोपळ्यात बसून परत येते.

आता वाघ-लांडगा काढा. म्हातारी लेकीकडे गेली, जेवली, परत आली. ही गोष्ट नव्हे, ही नुसती बातमी झाली. भोपळा काढा, म्हातारीचे काही खरे नाही. म्हातारीच्या लुगड्याचा रंग काढा, काहीच बिघडत नाही. म्हणजे रंग हा नुसता शृंगार. आणि तिचा वायदा काढा बरे? मी सर्वांत जास्त विचार यावर केला. वायदा नसेल तर वाघ तिला जातानाच खाईल, किंवा सोडून देईल आणि विसरून जाईल. वायद्यामुळे ती जगते, आणि त्याच वायद्यामुळे परतीच्या वाटेवर तिची वाट बघत कोणीतरी बसलेले असते. लेकीच्या घरी ती पोटभर जेवते तेव्हा आपल्याला आनंद होतो आणि भीतीही वाटते, कारण ती जितकी जाड होईल तितका वाघाचा घास मोठा! माझ्या मते गोष्टीचा जीव इथे आहे. पात्राला काहीतरी हवे असते आणि वाटेत अडचण असते. भाऊ उठून पळतो, कारण आपण अडचण एका ओळीत संपवून टाकतो.

तात्पर्याचेही एक सांगते. या गोष्टीखाली काय लिहाल? ‘नेहमी खरे बोलावे’ लिहिता येत नाही, कारण म्हातारी वाघाला फसवूनच जगली. वर्गात यावर तासभर वाद झाला. मला वाटते, गोष्ट चांगली झाली असेल तर तात्पर्याची ओळ नसली तरी चालेल. (परीक्षेत मात्र लिहावी.)

दुसरी बाब, गोष्ट कोण सांगतो? साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले आणि ते १९३५ साली छापले गेले. त्यात मोठा झालेला श्याम आपल्या लहानपणच्या आठवणी रोज रात्री मित्रांना सांगतो. पोहायला भिऊन तो लपून बसला तेव्हा आईने त्याला शिंपटीने मारून विहिरीवर धाडले. त्या वेळी लहान श्यामला फक्त मार कळला. सांगणाऱ्या श्यामला आईचे मनही कळलेले आहे. म्हणून वाचताना आपल्याला दोन्ही कळते. आम्ही हाच प्रसंग आईच्या तोंडून लिहून पाहिला. हातात शिंपटी घेताना तिला काय वाटले असेल? प्रसंग तोच, पण गोष्ट निराळी झाली. तुम्हीही करून बघा.

तिसरी बाब भाषेची, आणि ही आलेल्या पालकांसाठीही आहे. गोष्ट सांगणारा पुस्तकी भाषेत लिहील, पण पात्राने त्याच्या घरच्या भाषेत बोलावे. ‘म्हातारी म्हणाली, माझी प्रकृती अत्यंत कृश आहे’ असे लिहिले तर वाघालासुद्धा हसू येईल. ‘आरं बाबा, नुस्ती हाडं हायेत, काय चघळतूस?’ असे लिहिले की म्हातारी समोर उभी राहते. व्यंकटेश माडगूळकरांचे ‘माणदेशी माणसं’ हे पुस्तक १९४९ साली आले. त्यातली माणसे माणदेशात बोलतात तशीच बोलतात आणि म्हणूनच खरी वाटतात.

माझी आजी म्हणते, ‘माजी भाषा अडाण्याची, ती कशाला लिवतीस?’ पण वरचे वाघाशी बोलणे तिच्याच तोंडचे आहे. मी एक शब्द बदललेला नाही. असे बोलणे पुस्तकात सापडत नाही. ते सांगणारी माणसे आहेत तोवरच ते ऐकून लिहून घेता येते.

आमच्या वर्गाने त्यासाठी एक वही घातली आहे. गोष्ट, सांगणाऱ्याचे नाव आणि ती त्यांनी कोणाकडून ऐकली, एवढे त्यात लिहितो. भोपळ्याच्या गोष्टीचेच तीन शेवट मिळाले. एकात म्हातारी थेट घरी पोचते. एकात कोल्हा भोपळा फोडतो, पण तिचा कुत्रा धावून येतो. तिसऱ्यात ती कोल्ह्याच्या डोळ्यांत राख फेकते. पालकसभेला आलेल्या आईवडिलांना, आजी-आजोबांना चौथा शेवट माहीत असेल तर त्यांनी सातवीच्या वर्गात यावे. लिहिता येत नसले तरी चालेल, लिहायला आम्ही आहोत.

(इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी)