न आलेल्या पेशंटची नोंद कोण ठेवतं?

नागापूर एमआयडीसीतल्या कामगारांकडून आणि त्यांच्या घरच्यांकडून एक प्रश्न सारखा येतो. बीपी-शुगरसाठी कुठे दाखवायचं? प्रमाणपत्र असलेल्या मोठ्या हॉस्पिटलात, की घराजवळच्या सरकारी दवाखान्यात? प्रश्न रास्त आहे. अपेंडिक्सचं ऑपरेशन एकदा होतं आणि विषय संपतो. मधुमेहासाठी निवडलेल्या दवाखान्याची पायरी मात्र पुढची वीस-तीस वर्षं चढावी लागते.

आधी प्रमाणपत्रांचं सांगतो. सरकारी संस्थांसाठी २०१३ पासून राष्ट्रीय गुणवत्ता आश्वासन मानकं आहेत. आरोग्य खात्यात त्यांना 'एनक्वास' म्हणतात. जिल्हा रुग्णालयांपासून सुरुवात होऊन ती आता प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि आयुष्मान आरोग्य मंदिरांपर्यंत आली आहेत. बाहेरचे परीक्षक येऊन औषधांचा साठा, रुग्णांचे हक्क, जंतुसंसर्गाची काळजी, उपचारांची पद्धत आणि परिणाम पाहतात. किमान ७० टक्के गुण लागतात आणि प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षांची असते. रुग्णालयांसाठी 'एनएबीएच' आहे. लॅबसाठी 'एनएबीएल' असतं, पण ते त्या लॅबच्या प्रत्येक तपासणीला लागू असेलच असं नाही, ठरावीक तपासण्यांनाच मिळतं. म्हणून एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी त्यात बसते का, हे काउंटरवर विचारून घ्या.

या कागदांना नावं ठेवणाऱ्यांपैकी मी नाही. औषध संपलं म्हणून पेशंटला हात हलवत परत पाठवणारा दवाखाना मानकांत बसत नाही, ही साधी गोष्ट नव्हे. पण हे प्रमाणपत्र त्या संस्थेची व्यवस्था नीट आहे एवढं सांगतं. तिथे नाव नोंदवलेल्या शंभर जणांपैकी किती जणांचं बीपी खरोखर आटोक्यात आहे, हे त्यावरून कळत नाही. जुनाट आजारात खरी कसोटी तीच.

ही कसोटी लावता येते, आणि ती महाराष्ट्रात लावून पाहिलेली आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम पाच राज्यांत सुरू झाला. आपल्या राज्यातले सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे त्यात पहिल्या फळीत होते. पद्धत अगदी साधी होती. औषधांचा क्रम ठरलेला, प्रत्येक पेशंटचं कार्ड, आणि दर तिमाहीला कार्डांची तीन गटांत विभागणी. बीपी १४०/९० च्या खाली असलेले, त्याहून वर असलेले, आणि आलेच नाहीत असे. हा तिसरा गट मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. एरवी दवाखाने समोर बसलेल्यांचा हिशेब ठेवतात. जो आला नाही तो बरा झाला, गाव सोडून गेला, की लकव्याने अंथरुणाला खिळला, कुणालाच ठाऊक नसतं. इथे न आलेल्याला आटोक्यात धरत नाहीत. त्याला फोन जातो, आशाताई घरी जातात.

हा विचार आपल्या जिल्ह्याला नवा नाही. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केलं, तेव्हा गावातल्याच बायकांना, त्यातल्या कितीतरी निरक्षर, आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. कुणाच्या घरात कोण आजारी आहे हे त्यांना माहीत असायचं. १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कार्यक्रमाचा दर्जा घरोघर जाणाऱ्या माणसात असतो, हे जामखेडने तेव्हाच दाखवून दिलं.

आता आपल्याकडच्या शिबिरांकडे पाहा. कंपनीच्या गेटजवळ टेबल मांडलेलं, रांग लावलेली. रात्रपाळी संपवून आलेला कामगार उभ्या उभ्याच हात पुढे करतो. शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळतात, तोंडात तंबाखू, मागचा घाई करतोय. आकडा येतो १५८/९६. कागदाच्या चिठोऱ्यावर तो लिहून देतात आणि "डॉक्टरांना दाखवा" म्हणतात. त्या आकड्यावर धड विश्वास ठेवता येत नाही आणि तो सोडूनही देता येत नाही. बीपी मोजायचं तर पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं शांत बसायला हवं. पट्टा उघड्या दंडावर, हात छातीच्या पातळीला, आधीचा अर्धा तास चहा-तंबाखू नाही, आणि एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजणं. तुमच्या दवाखान्यात खुर्चीवर बसवत नसतील तर तुम्ही हक्काने बसा. शिबिरं जरूर व्हावीत, पण आकडा जास्त आलेल्यांची यादी कुणाच्या हातात गेली, हे युनियनने आणि कंपनीने विचारलंच पाहिजे.

मधुमेहाच्या कार्यक्रमाचा दर्जा पारखायचा तर पायांकडे पाहा. इंग्लंड आणि वेल्समध्ये दरवर्षी मधुमेहाचं राष्ट्रीय ऑडिट होतं. त्यात साखरेबरोबरच लघवीतलं प्रथिन, क्रिएटिनिन, कोलेस्टेरॉल आणि पायांची तपासणी झाली का हेही मोजतात. डोळ्यांच्या पडद्याची तपासणीही नेमाने होते. आपल्याकडे पायमोजे काढायला सांगणारे डॉक्टर फार थोडे. आणि एमआयडीसीत तर दिवसभर सेफ्टी शूज! टोकाला पोलादी टोपी, आत घाम, संवेदना गेलेल्या बोटाला फोड येतो आणि कळतही नाही. वर्षातून एकदा तरी डॉक्टरांनी नायलॉनचा बारीक धागा टेकवून तळव्याची संवेदना तपासायला हवी. घरी आल्यावर बोटांच्या बेचक्या रोज उजेडात पाहायच्या, ते काम तुमचं. बूट घालण्याआधी हात घालून आत खडा किंवा लोखंडाचा कीस नाही ना, हेही पाहून घ्या.

ज्यांचा पगार महिन्याला २१ हजारांपर्यंत आहे, त्यांनी ईएसआयचं कार्ड धूळ खात ठेवू नये. बाकीच्यांना सरकारी दवाखान्यात बीपी-शुगरच्या मूळ गोळ्या मोफत मिळतात. कुठेही जा, पण पहिल्याच भेटीत विचारा: माझं कार्ड तयार होणार का, तीस दिवसांच्या गोळ्या एकदम मिळणार का, मी आलो नाही तर फोन कोण करणार? उत्तर देताना समोरचा गडबडला, तर भिंतीवर कितीही फ्रेम असोत, दुसरीकडे चौकशी करा.

पाळी बदलणाऱ्यांसाठी एक सूचना. तुमची पाळी कार्डावर लिहून घ्या. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन जेवण टळलं, तर मध्यरात्री मशिनवर साखर झपाट्याने उतरू शकते. वेळा आपल्या मनाने बदलू नका, डॉक्टरांकडून ठरवून घ्या. दरदरून घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली तर मशिन बंद करून तीन-चार चमचे साखर पाण्यात घ्या, पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासा, बरं वाटल्यावर जेवा. सोबत्यांनाही हे सांगून ठेवा. शुद्ध हरपली असेल तर त्यांनी तोंडात काहीही घालू नये, कुशीवर वळवून लगेच १०८ ला फोन करावा.