पित्तनलिकेचा कर्करोग : नेमके औषध आणि मूळ उपाय

ईशान्य थायलंडच्या खेड्यांत गोड्या पाण्यातील कच्च्या माशांचा ‘कोई प्ला’ हा पदार्थ आवडीने खाल्ला जातो. या माशांतून एक चपटा यकृतकृमी माणसाच्या पित्तनलिकांत शिरतो आणि वर्षानुवर्षे तेथे दाह निर्माण करतो. त्यातून कर्करोग उद्भवतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये मान्य केले.

हा रोग बहुधा उशिरा लक्षात येतो. तोवर शस्त्रक्रियेची वेळ टळलेली असते. अशा रुग्णांसाठी आता पेशींतील विशिष्ट जनुकीय बिघाडावर नेम धरणारी औषधे निघाली आहेत. अमेरिकेत २०२० मध्ये पेमिगॅटिनिब आणि २०२१ मध्ये आयव्होसिडेनिब यांना मान्यता मिळाली. परंतु ती ज्या बिघाडांवर चालतात, ते कृमिजन्य कर्करोगात क्वचितच सापडतात. त्यात ‘हर-२’ या जनुकाची अतिवाढ तुलनेने अधिक आढळते. त्यावरील झॅनिडाटामॅब २०२४ मध्ये तेथे मान्य झाले. म्हणून गाठीच्या जनुकीय तपासणीनंतरच औषध ठरविणे इष्ट होय.

तथापि ही औषधे रोगाला बहुधा काही काळच आवर घालतात. मूळ उपाय त्याआधीचा आहे. प्राझिक्वांटेलच्या गोळ्यांनी कृमी मरतो. मात्र पुन्हा कच्चा मासा खाल्ल्यास तो पुन्हा जडतो. कृमीची अंडी विष्ठेवाटे पाण्यात, तेथून गोगलगायींत व पुढे माशांत जातात. यास्तव खोन केन विद्यापीठाने लावा सरोवराकाठच्या गावांत औषधोपचाराला शाळांतील आरोग्यशिक्षणाची आणि लोकसहभागाची जोड दिली. पूर्ण शिजविलेला मासा आणि शौचालयाचा वापर यांनी ही साखळी तुटते; ते काम गावालाच करावे लागते.