हाडाला जागा दे, कामही दे

अगं, जाळीदार इम्प्लांटचा प्रोजेक्ट घेतलास, फार बरं केलंस. फक्त स्क्रीनवर देखणी जाळी काढायच्या नादात हाडाला विसरू नकोस.

सुट्टीत मानवतला आलीस की खाटकाकडून बोकडाच्या मांडीच्या हाडाचं खुब्याकडचं टोक उभं कापून आण. ब्रशनं धुऊन बघ. आतल्या जाळीच्या काड्या वाटेल तशा पसरलेल्या नसतात, भार ज्या वाटेनं खाली उतरतो त्या वाटेनं लागलेल्या असतात. 1866 मध्ये झुरिकला कार्ल कुलमान या इंजिनिअरला हाडांच्या अशाच कापांत क्रेनमधल्या ताणाच्या रेषा ओळखू आल्या. पुढे 1892 मध्ये युलियस वोल्फनं नियम मांडला: भार पडेल तसं हाड घडतं, भार गेला की झिजतं.

तुझं सगळं गणित इथंच आहे बघ. टायटॅनियमच्या मिश्रधातूचा ताठपणा सुमारे 110 गिगापास्कल, हाडाच्या टणक भागाचा 10 ते 30. भरीव धातू बराचसा भार स्वतःच पेलतो, शेजारचं हाड रिकामं बसून विरळ होतं. जाळीनं हा ताठपणा उतरतो आणि हाडाला पुन्हा काम मिळतं.

भोकं साधारण 300 ते 600 मायक्रॉनची ठेव, पण एकमेकांत उघडणारी. रक्तवाहिन्या शिरल्या तरच मागून हाड शिरेल. पहिल्या दिवसापासून पकडही घट्ट हवी. हाड आणि धातू यांच्यातली हालचाल 150 मायक्रॉनच्या वर गेली, तर तिथं हाडाऐवजी तंतूच भरतात.

काड्या फार बारीक करू नकोस. थ्रीडी प्रिंटरवर छापताना न वितळलेली धातूची पावडर कोपऱ्यात अडकते, काडी चित्रातल्यासारखी गुळगुळीत निघत नाही, आणि तडा तिथूनच सुरू होतो. छापलेला तुकडा कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय समाधान मानू नकोस.

आणि भार कुणाचा धरणार आहेस? पुस्तकात सपाट रस्त्यावरची चाल असते. आपल्याकडची बाई कापूस वेचायला वाकते, उकिडवी बसते, मांडी घालून जेवते. तिचाही भार तुझ्या गणितात येऊ दे.

शेवटचं, परभणीला हाडांच्या डॉक्टरांकडे जाऊन विचार: जंतुसंसर्ग झाला तर हे काढायचं कसं? आत हाड रुजलेलं इम्प्लांट सहज निघत नाही. म्हणून हाडाला टेकेल तिथंच जाळी दे, बाकी भरीव राहू दे. माणसाच्या अंगात जाणारी वस्तू आहे गं, हा प्रश्न आजच सोडव.